लॅबमधले 60 कम्प्युटर भंगारात काढायचे का?

प्रश्न : नमस्कार सर, मी रत्नागिरी जिल्ह्यात एका विद्यापीठाच्या आयटी विभागात लॅब असिस्टंट आहे. आमच्या लॅबमध्ये 60 कम्प्युटर आहेत, विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि ह्यांच्यावर 11 चालत नाही म्हणून सगळे बदलायचं घाटतंय. त्यातच ग्रीन कॅम्पस करा असं पत्र आलंय. रात्री मशीन बंद करूया म्हटलं तर सगळे म्हणतात, पावसाळ्यात दमट हवेने खराब होतील, चालूच राहू देत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : ताई, आधी ते 60 कम्प्युटर वाचवा. मशीन बनतानाच खाणीपासून चिपच्या कारखान्यापर्यंत इतकी वीज, पाणी आणि केमिकल खर्ची पडलेली असतात की चालू स्थितीतलं मशीन मोडीत काढून नवं आणणं ह्याला ग्रीन म्हणवतच नाही. प्रोग्रामिंगच्या लॅबला उबंटू (विंडोजऐवजी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम) मस्त चालतं, ते टाका. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी (तिच्यापेक्षा वेगवान डिस्क) लावा, रॅम 8 जीबी करा, मुलांना फरक लगेच जाणवेल. एखाद्या सॉफ्टवेअरला विंडोजच लागत असेल तर तेवढ्याच मशीनसाठी पैसे भरून सिक्युरिटी अपडेट घ्या, शिक्षणसंस्थांना ते स्वस्तात मिळतात.

आता दमट हवेचं. तुमचे सहकारी चुकीचं बोलत नाहीयेत, आपल्याकडची खारी हवा खरंच मशीन खाते. एखादी रॅम काढून बघा, सोनेरी पट्टीवर काळपट थर धरलेला दिसेल, खोडरबरने हलक्या हाताने पुसली की बंद पडलेलं मशीन पुष्कळदा उठून बसतं (मी हे इतक्या वेळा केलंय की बॅगेत खोडरबर असतोच). पण दिवसभर वापरलेलं मशीन रात्री 14 तास बंद राहिलं म्हणून बिघडत नाही, त्रास होतो तो गणपतीच्या सुट्टीत आठ-दहा दिवस लॅबला कुलूप असतं तेव्हा. त्या दिवसांत कोणीतरी एक-दोनदा जाऊन तासभर सगळी मशीन चालू करावीत, बस. आणि एसी 18 वर ठेवून दार उघडं टाकू नका, बाहेरची ओली हवा थंड झालेल्या वस्तूंवर बसते आणि पाणी धरतं. 26 वर ठेवा, पंखा लावा.

हिशोब करून दाखवते म्हणा एचओडींना (विभागप्रमुखांना). नुसतं चालू असलेलं मशीन मॉनिटरसकट 60 वॅट धरलं तर 60 मशीनचे 3.6 किलोवॅट, 14 तासांचे 50 युनिट, तेही एका रात्रीचे! त्यातून काय मिळालं, काहीच नाही. संध्याकाळी ठरलेल्या वेळी आपोआप शटडाऊन होईल असं सेटिंग करून टाका, कोणाच्या लक्षात राहायची गरजच नको.

सर्व्हर रूम फ्रीजसारखी गार लागते हाही गैरसमजच. सर्व्हरमध्ये शिरणारी हवा 27 डिग्रीपर्यंत चालते, डेटा सेंटरवाले हेच पाळतात. दोन-तीन जुने सर्व्हर पूर्ण क्षमतेने वापरले जात नसतील तर व्हर्च्युअल करून, म्हणजे एकाच मशीनवर सॉफ्टवेअरने वेगवेगळे सर्व्हर चालवून, एकावर आणा.

आणि जे खरंच मेलंय ते गावातल्या भंगारवाल्याला अजिबात देऊ नका. खाडीच्या कडेला वायरी जाळून तांबं काढतात, तो धूर आणि ती राख शेवटी आपल्याच पाण्यात, मासळीत येते. यूपीएसच्या बॅटरीत तर शिसं आणि ॲसिड असतं, त्या नवी घेताना त्याच दुकानदाराला परत द्या आणि पावती घ्या. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत, वर्षभरात विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांचे 1000 किंवा जास्त नग वापरणाऱ्या संस्थेला ई-कचरा नोंदणीकृत ठिकाणीच द्यावा लागतो, आणि अख्खं विद्यापीठ धरलं तर एवढे नग सहज भरतात. देण्याआधी हार्डडिस्कवरचा डेटा पुसायला विसरू नका, त्यात मुलांचे मार्क आणि आधार नंबर असतात.

सोमवारी एवढं करा, लॅबचा मीटर संध्याकाळी लॅब बंद करताना बघा, सकाळी उघडताना परत बघा, आणि दोन्ही आकडे फोटोसकट एचओडींच्या टेबलावर ठेवा.