मिस्सा संपली की लगेच पार्किंगकडे पळू नका

टोरांटोजवळ राहणाऱ्या एका ताईंचं मोठं पत्र आलंय. माहेर त्यांचं नागपूरचं, मोहननगरचं, आता कॅनडात जाऊन तीन वर्षं झाली. सगळं पत्र इथे देत नाही, गाभा त्यांच्याच शब्दांत सांगते. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, जातो, शेवटच्या ओळीत बसतो, शेवटचं गाणं सुरू झालं की लेकरांना जॅकेट चढवून सरळ गाडीत, तीन वर्षांत तिथल्या फादरना आमचं नावसुद्धा माहीत नाही. थंडीत तर जाणंच होत नाही, मग मोबाइलवर नागपूरची मिस्सा लावतो, निदान आपले चेहरे दिसतात. मुलगी सात वर्षांची, तिची फर्स्ट कम्युनियन, म्हणजे मिस्सातला पवित्र भाकरीचा पहिला प्रसाद, नागपूरलाच येऊन करू का, आजी आहे, मावश्या आहेत. मुलगा अकराचा, तो म्हणतो चर्च बोअर होतं. मिस्टर हिंदू आहेत, प्रेमाने सोबत येतात पण तिथे आपलं काय काम हे त्यांना कळत नाही. शेवटी ताईंनी लिहिलंय, "मला तिथे पाहुणी असल्यासारखं वाटतं."

ताई, ही शेवटची ओळ मी तीनदा वाचली. माझा स्वतःचा लेक परदेशात आहे, तोही पहिले दोन वर्षं हेच सांगायचा, म्हणून मोकळेपणाने लिहून राहिली, रागावू नका.

तुम्ही त्या पॅरिशमध्ये, म्हणजे तुमच्या भागाच्या चर्चमध्ये, नाव नोंदवलंय का? पत्रात कुठेच दिसलं नाही. आपल्याकडे नोंदवावं लागतच नाही हो, आजोबांपासून सगळे ओळखतात, रविवारी दिसलो नाही तर सोमवारी सिस्टर फोन करतात काहून आली नाही म्हणून. तिकडे तसं नाही. तिकडे ऑफिसमध्ये जाऊन फॉर्म भरावा लागतो, नाव, पत्ता, कोणाचा बाप्तिस्मा कुठे झाला, लग्न कुठे झालं. मग दानाची पाकिटं मिळतात नंबर घातलेली, वर्षाच्या शेवटी टॅक्ससाठी पावती मिळते. पाकिटाचं ऐकून कोणाकोणाला वाटतं की यांना नुसता पैसा पाहिजे, पण तसं नाही, त्या फॉर्मवरूनच फादरना कळतं की या घरात एक सात वर्षांची मुलगी आहे. फॉर्म नाही तर तुम्ही कोण हे त्यांना स्वप्नात दिसणार का?

आणि चर्चच्या कायद्यानेही तुमचा पॅरिश आता तोच आहे. कायम राहायचं म्हणून एखाद्या जागी बिऱ्हाड केलं की तिथला फादर तुमचा फादर, तसा इरादा नसला तरी पाच वर्षं राहिलात की तेच, तीन महिने राहायचा बेत असला तरी तात्पुरता तुमचा तो पॅरिश होतो. मोहननगर तुमचं माहेर आहे आणि राहील, पण घर तिकडे आहे.

मोबाइलवरच्या मिस्साबद्दल स्पष्टच सांगते. आजारी आहात, बर्फाच्या वादळात रस्ता बंद आहे, घरात तान्हं बाळ तापाने फणफणतंय, तर जरूर पाहा, मनानेच प्रभूला स्वीकारायची, आत्मिक कम्युनियनची प्रार्थना म्हणा, देव समजून घेतो. पण जाता येत असताना पडद्यावर पाहिलेल्या मिस्साने रविवारची मिस्सा होत नाही. सकाळी जमत नसेल तर शनिवारी संध्याकाळची बघा, ती रविवारचीच धरतात. नागपूरची लावायची हौस असेल तर रविवारी दुपारी आईशी बोलता बोलता लावा, त्यात काही वाईट नाही, पण तिकडच्या मिस्साच्या ऐवजी नको.

आता मुलीचं. नागपूरला आणून फर्स्ट कम्युनियन केली तर आजीला किती आनंद होईल हे मी समजू शकते, पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळीची ओढणी, घरी पन्नास लोक जेवायला. पण ताई, त्या पोरीला दर रविवारी ज्या वेदीसमोर उभं राहायचंय तिथेच तिने पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यावा असं माझं ठाम मत आहे. तिच्या वर्गातली, तिच्यासोबत तयारी केलेली लेकरं तिथे असतील, पुढच्या रविवारी पुन्हा दिसतील. नागपूरला होईल तो समारंभ होईल, महिन्याभराने परत गेली की पुन्हा शेवटची ओळ. तुमच्या ओंटारियो प्रांतात साधारण दुसरीत असताना हे होतं, आधी कन्फेशन, म्हणजे पापांची कबुली, मग कम्युनियन, म्हणजे तुमच्याकडे वेळ फार नाही, तयारीचे वर्ग कधी सुरू होतात ते आजच विचारा. तिकडे कॅथलिक शाळा सरकारी पैशावर चालतात, मुलगी त्या शाळेत नसली तरी पॅरिशमध्ये वेगळी तयारी करून घेतात. आजीला तिकडे बोलवता आलं तर बोलवा, नाही जमलं तर नागपूरला आल्यावर कॅथेड्रलमध्ये एक मिस्सा तिच्या नावाने ठेवा आणि पन्नास लोक तेव्हा जेवायला घाला.

याला बाप्तिस्म्याचा दाखला लागेल. इथे जरा थांबते, कारण यावरून मी फार धावपळ पाहिली आहे.

मी काही वर्षं एका पॅरिशच्या ऑफिसमध्ये मदतीला बसायची. ते बाप्तिस्म्याचं रजिस्टर तुम्ही कधी पाहिलंय का? दोन हातांनी उचलावं लागतं असं जाड, कापडी पाठ, जुन्या पानांची शाई तपकिरी पडलेली. एका ओळीत मुलाचं नाव, जन्मतारीख, आईबाप, गॉडफादर गॉडमदर, फादरची सही, आणि शेवटी एक रिकामा रकाना. तो रिकामा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पुढे त्या मुलाचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार, जिथे होईल, लग्न जिथे होईल, तिथला पॅरिश इथे कळवतो आणि त्याच ओळीत ते लिहिलं जातं. मी पाहिलंय, एका ओळीत बाप्तिस्मा नागपूर, दृढीकरण मुंबई, लग्न ऑस्ट्रेलिया, तीन वेगळे हात, तीन वेगळ्या शाया, माणूस एकच. म्हणूनच लग्नाच्या वेळी जुना लॅमिनेट केलेला दाखला चालत नाही, नवीन काढलेला मागतात, बहुतेक ठिकाणी सहा महिन्यांच्या आतला, कारण त्या रकान्यात काय लिहिलंय ते बघायचं असतं. आणि लोक काय करतात, लग्न पंधरा दिवसांवर आलं की रात्री अकराला परदेशातून फोन, मॅडम अर्जंट. एकदा एका मुलीचं नाव सापडेचना, दोन दिवस पानं उलटली, शेवटी कळलं की आजीने बाप्तिस्म्याला वेगळंच नाव लिहवलं होतं आणि घरी बोलवायचे भलत्याच नावाने. ती मुलगी फोनवर रडत होती. तर तुम्ही आत्ताच दोन्ही लेकरांचे दाखले मागवून घ्या, तारीख, त्या वेळचं पूर्ण नाव, आईबापाची नावं नीट लिहून पाठवा, आणि पासपोर्टवरच्या स्पेलिंगमध्ये फरक असेल तर तेही सांगा.

हे फक्त कागदाचं नाही ताई. तुमची मुलगी तिकडे मोठी होईल, पण तिच्या दृढीकरणाची, लग्नाची बातमी नागपूरच्या त्या ओळीत येऊन बसणार आहे, तुम्ही नाळ तुटल्यासारखं मानता ती तुटलेली नाहीच.

तिकडचे फादर घरी येत नाहीत, विचारपूस करत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. एकेका फादरकडे दोन दोन तीन तीन चर्च असतात तिकडे, त्यांना वेळ नसतो, मन नसतं असं नाही. तुम्ही बोलवा ना. घर आशीर्वादित करायला या म्हणा आणि जेवायला थांबवा, साधं वरणभात, भरली वांगी, थोडी सांबारवडी करता आली तर उत्तमच. एकट्याने राहणारा माणूस असतो तो, गरम जेवण आणि घरातला आवाज त्यालाही हवा असतो. आणि आजकाल तिकडच्या कितीतरी चर्चमध्ये फादर आपल्या भारतातलेच असतात, त्यांनाही घरची आठवण येते.

आता पाहुणेपणाचं. पाहुणा पाहुणा कधी राहत नाही? हातात झाडू घेतला की. माझी आई वेदीची कापडं धुवायची, चाळीस वर्षं. मिस्सामध्ये कटोरा पुसायचं जे छोटं पांढरं कापड असतं ना, ते आधी साध्या पाण्यात बुडवायची, ते पहिलं पाणी मोरीत कधीच ओतायची नाही, तुळशीच्या नाही पण जास्वंदीच्या मुळाशी, मातीत घालायची, कारण मिस्सात प्रभूचं रक्त झालेल्या द्राक्षारसाचा एखादा थेंब त्यात असू शकतो. मग साबण, मग नीळ, मग ओलसर असतानाच इस्त्री, तीन घड्या, मधोमध क्रूस वर यायला पाहिजे. हे काम कोणाला दिसायचं नाही, चर्चमध्ये तिचं नाव कधी घेतलं नाही. पण ती वारली तेव्हा कॅथेड्रलमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

तुम्ही काय कराल ते तुम्ही बघा. मिस्सानंतर कॉफी असते तिकडे, कप लावा. वाचन करता येतं का विचारा, तुमचं इंग्रजी आपल्या वळणाचं आहे म्हणून लाजू नका, बायबल काही एकाच उच्चाराचं नाही. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी बहुतेक ठिकाणी असते, 1833 मध्ये पॅरिसला कॉलेजच्या पोरांनी सुरू केली होती, गरीब घरांना भेट देतात, किराणा पोचवतात, तिथे भारतातून आलेल्या बाईला कळतं की नवीन देशात पहिल्या हिवाळ्यात काय काय लागतं, हे तिथल्या लोकांना नाही कळत. एक सांगून ठेवते, मुलांसोबत काम करायचं असेल तर पोलिसांकडून चेक करून आणायला सांगतील, ट्रेनिंग देतील. आपल्यावर संशय घेतला असं मनाला लावून घेऊ नका, सगळ्यांना तोच नियम आहे आणि मुलांच्या भल्यासाठी आहे.

मुलाला बोअर होतं कारण त्याला तिथे काहीच काम नाही. अकराचा आहे, त्याला वेदीसेवक करा. मेणबत्ती धरायची, घंटी वाजवायची, पाणी पुढे करायचं, पाय वाजू न देता चालायचं, चुकलं तर मोठा पोट्टा कानात सांगतो. आमच्या इथे असे कितीतरी पोट्टे मी पाहिले, घरी एक मिनिट बसत नाहीत आणि तिथे तासभर सरळ उभे. उपदेश ऐकून पोरं चर्चमध्ये टिकत नाहीत, कोणीतरी वाट पाहतंय म्हणून टिकतात.

मिस्टरांचं तुम्ही एका ओळीत लिहिलंय पण मला त्यांचं कौतुक वाटतं. लग्नाच्या वेळी बिशपांची परवानगी घेतली असेल तेव्हा तुम्ही वचन दिलं होतं की लेकरांना कॅथलिक श्रद्धेत वाढवायला जमेल तेवढं सगळं करीन, आणि त्यांना ते माहीत होतं. तो माणूस दर रविवारी सोबत येऊन तुम्हाला ते वचन पाळायला मदत करून राहिला आहे. ख्रिस्तप्रसाद त्यांना घेता येत नाही, पण बऱ्याच ठिकाणी छातीवर दोन्ही हात आडवे ठेवून पुढे गेलं की फादर आशीर्वाद देतात, फादरना आधी विचारून घ्या. पॅरिशच्या पिकनिकला, बर्फ उपसायला, खुर्च्या लावायला धर्म कोण विचारतो? आणि त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात तेव्हा तुम्ही सासूबाईंच्या हाताखाली पुरणाच्या स्वयंपाकाला उभ्या राहा, तो मान त्यांचा.

आपलं कॅथेड्रल ज्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचं आहे ना, ते जिनिव्हाचे बिशप होते पण जिनिव्हात राहताच आलं नाही त्यांना, शहर दुसऱ्या पंथाच्या हातात होतं, आताच्या फ्रान्समधल्या ॲनसी नावाच्या गावात राहून सगळं केलं. त्याआधी तरुण असताना ज्या भागात पाठवलं तिथे कोणी ऐकायला येईना, तर कागदावर लिहून दारांखालून सरकवायचे. त्याच ॲनसीहून त्यांच्या नावाचे मिशनरी 1845 मध्ये भारताकडे निघाले, त्यांच्यातलेच पुढे आपल्या विदर्भात आले, 1870 मध्ये या संतांच्याच नावाची एसएफएस शाळा झाली, 1887 मध्ये नागपूर डायोसिस, म्हणजे बिशपांचा धर्मप्रांत, झालं. आल्प्सच्या थंडीतले ते लोक आपल्या मे महिन्यात कसे राहिले असतील, भाषा येत नाही, ओळखीचं कोणी नाही. आपली श्रद्धा अशा परक्या जागी बिऱ्हाड केलेल्या लोकांनी आपल्यापर्यंत आणली. मला लेकाची काळजी वाटायची तेव्हा मी हे आठवायची.

मराठीचं तेवढं घरात सांभाळा. तिकडच्या चर्चमध्ये मराठी मिस्सा मिळेल न मिळेल, आणि वर्षातून दोनदा आपली माणसं जमली तर आनंदच आहे, पण तो पॅरिश नाही. घरी मात्र मुलीला मरियामातेची प्रार्थना, "नमो मरिये", मराठीतच शिकवा. आजीला सांगा, रोज सकाळी साडेसहाला ती माळ घेऊन बसतेच, तेव्हा तुमच्याकडे आदल्या रात्रीचे नऊ वाजलेले असतात, नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की आठ. पूर्ण रोझरी, म्हणजे पूर्ण माळ, नको, लेकरू झोपेला आलेलं असतं. एक दशक, माळेचे दहा मणी. फोन उशीवर ठेवायचा, अर्धी प्रार्थना आजीने म्हणायची आणि अर्धी नातीने.