शनिवार तेल्याचा घाणा

प्रिय मुली,

तुझा निरोप दोनदा ऐकला. वसतिगृहात रात्री बारापर्यंत वाद घालत बसलात म्हणे. एक मैत्रीण म्हणते, बायबलातले सृष्टीचे सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे मोजून सहा दिवस. दुसरी म्हणते, एकेक दिवस म्हणजे कोट्यवधी वर्षं. तू मध्येच विचारलंस, सातव्या दिवशी देव थांबला तो दमला म्हणून का? तेवढ्यात कुणीतरी तुलाच विचारलं, तुमच्या भारतातल्या ज्यू लोकांना शब्बाथ, म्हणजे शुक्रवारच्या मावळतीपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत काम थांबवायचा दिवस, ठाऊक तरी होता का? तू ‘शनिवार तेली’ म्हणालीस आणि पुढे काय सांगावं ते सुचेना. मराठीत लिहितोय, सावकाश वाच. आज शुक्रवार आहे आणि इस्रायलमधल्या अश्दोदला ऊन कलायला अजून वेळ आहे.

आधी तेल्यांचं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांची आपण बेने इस्राएल लेकरं, असं आपल्यात सांगत आले. नेमकं कधी, याचा कागद नाही. हिब्रू विसरली गेली. ‘शमा’ या प्रार्थनेची ओळ, सुंता, खाण्यापिण्याचे नेम आणि शनिवार, एवढं टिकलं. बऱ्याच जणांनी घाणा घातला. शेजारचे हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, ते सोमवार तेली. आपला शनिवारी बंद, म्हणून आपण शनिवार तेली. माझ्या समजुतीनं या नावात हिणवणं कमी आणि सोय जास्त होती. कुठल्या वारी कुणाकडे तेल मिळणार नाही, हे गिऱ्हाइकाला कळायला नको का?

आता गंमत बघ. तुम्ही ज्या ओळीवरून भांडलात, ती ओळ या माणसांच्या हातात नव्हतीच. शेजाऱ्यांच्या पंचांगात दिवस उजाडल्यावर सुरू होतो, वारांची नावं मराठी. तरी शुक्रवारी तिन्हीसांजेला बैलाच्या मानेवरचं जू उतरायचं. देव का थांबला, याचं उत्तर ठाऊक नसताना पिढ्यान् पिढ्या माणसं थांबत राहिली. मैत्रिणीला एवढं सांगितलंस तरी पुरे.

पण तुझा प्रश्न तेवढ्यानं सुटत नाही. मराठीत ‘विसावा घेतला’ असं वाचलं की डोळ्यांपुढे घाम पुसणारा माणूस येतो. मूळ शब्द ‘शावत’. त्याचा अर्थ आधी थांबणं, हातातलं बंद करणं. घाणा थांबला म्हटल्यावर घाणा दमला असं कुणी समजत नाही, तसंच. यशया संदेष्टा तर सरळच सांगतो की देव थकत नाही, भागत नाही. इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण दहा आज्ञांमध्ये हीच गोष्ट पुन्हा येते तेव्हा तिथला शब्द खरोखरीच विसाव्याचा आहे. आणि बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात तर ‘शावत वयिनाफश’ म्हटलंय. या दुसऱ्या शब्दात ‘नेफेश’ दडलेला आहे, म्हणजे जीव. आपण म्हणतो ना, जिवात जीव आला? त्याच्या फार जवळचा शब्द. देवाच्या जिवात जीव आला! जुने भाष्यकार म्हणतात, माणसाच्या कानाला समजावं म्हणून तसं बोललंय. उत्तर बरोबर असेलही, मला मात्र ती थोडी पळवाट वाटते. काम संपल्यावर सुस्कारा सोडायला दमलेलंच असावं लागतं, असं थोडंच आहे? चित्र पुरं झालं की चितारी दोन पावलं मागे सरून बघतो, तेव्हा तो थकलेला नसतो.

सृष्टीच्या त्या गोष्टीत आणखी एक गाठ आहे. हिब्रूत लिहिलंय की देवानं सातव्या दिवशी आपलं काम पुरं केलं. सातव्या दिवशी? मग त्या दिवशीही काम केलं म्हणायचं? ग्रीक भाषांतर करणाऱ्यांना हे इतकं खटकलं की त्यांच्या प्रतीत ‘सहाव्या दिवशी’ आहे. रशी, 11व्या शतकातला फ्रान्सचा पंडित, शब्द बदलत नाही. तो जुन्या आचार्यांचं म्हणणं पुढे ठेवतो: जगात एवढं सगळं होतं, उणी होती ती विश्रांती. शब्बाथ आला, विश्रांती आली, काम पुरं झालं. म्हणजे थांबणं हे कामानंतरचं नव्हे, तीच शेवटची निर्मिती. दुसरं म्हणणं त्याहून बारीक आहे. माणसाला नेमकी वेळ कळत नाही, म्हणून तो शब्बाथ थोडा आधीच धरतो. देवाला क्षण न् क्षण ठाऊक, तो केसाच्या अंतरानं आत शिरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की त्याच दिवशी काम संपलं. आपल्याकडे सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी दिवे लागतात, ते आपलं घड्याळ देवाइतकं बारीक नाही म्हणून.

आता तास की युगं. चोवीस तासवालीला विचार, सूर्य चौथ्या दिवशी झाला, मग पहिले तीन दिवस कशावर मोजले? युगंवाली खूश होईल. ती नव्वदावं स्तोत्र काढेल, देवाला हजार वर्षं कालच्या दिवसासारखी. तिलाही सोडू नकोस. दर दिवसाला ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ असं ठासून सांगितलंय. युगाला कसली संध्याकाळ? मला वाटतं, दोघीही त्या पानावर घड्याळ शोधताहेत आणि तिथे आहे ठेका. सहा वेळा तोच ठेका, आणि सातव्यांदा चुकतो. सातव्या दिवसाला संध्याकाळ झाल्याचं लिहिलेलंच नाही, परत जाऊन वाच. बायबलमध्ये पहिल्यांदा पवित्र ठरवलं जातं ते देऊळ नव्हे, डोंगर नव्हे, तर हा मावळला असं न लिहिलेला दिवस.

(पहिला दिवसही ‘पहिला’ नाही, हिब्रूत ‘योम एखाद’ आहे, एक दिवस. लहानपणी मला ते ‘एखादा दिवस’ ऐकू यायचं. दोन शब्दांचं नातं काही नाही, पण कानातून गेलं नाही ते.)

ऊन भिंतीवरून वर सरकलंय. दोन अक्षरं लिहिणं हे शब्बाथला वर्ज्य असलेल्या 39 कामांतलं एक, त्यामुळे मधेच

शनिवार रात्र

तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला. काल वाक्य अर्धं राहिलं, ते तसंच असू दे.

दिवसभर एक गोष्ट घोळत होती. शब्बाथचं कारण तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत, दोनदा सांगितलंय आणि दोन्ही कारणं वेगळी आहेत. निर्गमात म्हटलंय, देव थांबला म्हणून तुम्ही थांबा. ‘अनुवाद’ या पाचव्या पुस्तकात म्हटलंय, तुम्ही मिसरात गुलाम होतात हे आठवा. आणि तिथे दास, दासी, परका यांच्या रांगेत बैल आणि गाढव नावानिशी येतात. ज्याला थांबायची मुभा नाही तो गुलाम. घाण्याचा बैल म्हणजे याचा अर्कच. डोळ्यांना झापड, दिवसभर चाल, आणि संध्याकाळी जिथल्या तिथे. त्याच्यासाठी पहिला दिवस नाही की चौथा नाही, नुसता फेरा. आठवडा ही गोष्ट त्याला माणसानंच द्यावी लागते.

माझी आजी रेवदंड्याची. तिच्या लहानपणी घरी घाणा होता. ती सांगायची, शुक्रवारी जू उतरवलं, झापड काढली, पुढ्यात पेंड टाकली, तरी बैल शनिवारी सकाळी खुंट्याभोवती फिरतच असायचा. दोरीला वेढे बसत, कुणी मुलगा जाऊन ते सोडवी, तो पुन्हा फिरे. दुपारी कधीतरी पाय मोडून खाली बसायचा. मग तिचे वडील ओटीवरूनच आत हाक द्यायचे, “आता लागला गं शनिवार.”

तुझा,
बाबा