पातळी दोनदा घे

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. ‘इथे विचारायला कुणी नाही’ हे वाक्य त्यात दोनदा आलंय, म्हणून आधी त्याबद्दलच लिहितो. दुर्गम भागातल्या तीन-चार माणसांच्या ऑफिसात सर्व्हे, ड्रॉइंग, अंदाजपत्रक, मोजमापं, सगळं एकाच्याच हातून जातं. चूक पकडायला दुसरा कुणी नसतो. ती पकडायची सोय आपणच कामात करून ठेवायची.

पहिल्या वर्षी रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या एका मोरीची पातळी मी एकाच बेंचमार्कवरून, म्हणजे उंची आधीच माहीत असलेल्या खुणेच्या दगडावरून, घेतली. तो दगड मधल्या काळात हलला होता, मला कळलंच नाही. पाइप वीतभर उंच बसले. पहिल्याच मोठ्या पावसात वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबलं. शेतकरी मला बांधावर घेऊन गेला आणि काही न बोलता पिवळं पडलेलं पीक दाखवलं. पाइप उकरून पुन्हा बसवले. तेव्हापासून दोन बेंचमार्क असल्याशिवाय मी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायचं यंत्र, लावत नाही आणि निघालो त्या बिंदूवर परत येऊन ताळा केल्याशिवाय यंत्र उचलत नाही.

यंत्र खडबडीत रस्त्याने जीपमधून आलं असेल तर आधी तपास. साधारण 60 मीटरवर दोन खुंट्या ठोक. यंत्र बरोबर मधे लावून त्यांच्या पातळीतला फरक काढ; अंतर सारखं असल्याने यंत्राचा दोष तिथे कटतो. मग यंत्र एका खुंटीजवळ नेऊन पुन्हा फरक काढ. दोन्ही फरक जुळले तरच कामाला लाग. अर्धा तास जातो, जाऊ दे.

सिमेंटच्या गोणीवरची तारीख वाच. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद बरीच उतरलेली असते. ओलसर वाळू फुगते, 20 ते 30 टक्क्यांपर्यंतही; फर्म्याने, म्हणजे मापाच्या पेटीने, मोजताना तेवढी भर घालावी लागते, नाहीतर वाळू कमी पडते.

तुझ्या नाल्याला पुरात किती पाणी येतं याची नोंद तिकडे बहुधा मिळणार नाही. काठावरच्या दोन वयस्कर माणसांना वेगवेगळं गाठ. एकत्र विचारलंस तर दुसरा पहिल्याच्याच होला हो म्हणतो. त्यांनी दाखवलेल्या पुराच्या खुणांची पातळी त्याच दिवशी घे.

फील्डबुक, म्हणजे जागेवरच्या मोजमापांची वही, पेन्सिलीने लिही, शाई पावसात पसरते. चुकलेला आकडा खोडू नकोस. त्यावर एक रेघ मारून शेजारी नवा लिही. आणि त्या नाल्याच्या पानांचे फोटो पाठव, मी इथे बसून ताळा करतो.

तुझा,
जुना सहकारी