परक्याच्या घरी राहण्याआधी

अनेक आशीर्वाद.

हॉटेलाऐवजी अनोळखी लोकांच्या घरी उतरत एकट्याने प्रवास करण्याचा तुझा बेत वाचला, आणि परक्या माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या बळावर, हा तुझा प्रश्नही वाचला. माझे उत्तर तुला कदाचित आडवळणाचे वाटेल. दूरचे तिकीट काढण्याआधी काही महिने तू आपल्याच शहरात यजमान हो, आणि यजमान होता यावे म्हणून आधी आपले शहर नीट पाहून घे. ज्याने पाहुण्याचे केले आहे त्याला दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकल्यावर तिथले रागरंग लवकर कळतात, हे मी दोन्ही बाजूंनी राहून पाहिले आहे आणि म्हणूनच इतक्या आग्रहाने सांगते आहे.

अनोळखी प्रवाशाला भाडे न घेता घरी उतरवण्याची ही पद्धत इंटरनेटने जन्माला घातली असे तुझ्या पिढीला वाटते. ती त्याहून बरीच जुनी आहे. दुसरे महायुद्ध संपल्यानंतर, निरनिराळ्या देशांतली सामान्य माणसे एकमेकांच्या घरी राहिली तर त्यांच्यातले वैर कमी होईल, या विश्वासाने 1949 मध्ये डेन्मार्कमध्ये सर्व्हास ही संस्था सुरू झाली. एस्पेरांतो ही मुद्दाम रचलेली आंतरराष्ट्रीय भाषा बोलणाऱ्यांसाठी पासपोर्ता सेर्वो ही यजमानांची यादी 1974 पासून निघू लागली, सायकलवरून लांबचा प्रवास करणाऱ्यांसाठी वॉर्मशॉवर्स 1993 मध्ये आली, आणि 2004 मध्ये काउचसर्फिंगने हीच कल्पना संकेतस्थळावर आणून जगभर पोहोचवली. पुढे 2011 मध्ये काउचसर्फिंग नफ्यासाठी चालणारी कंपनी झाली आणि 2020 मध्ये अनेक देशांतल्या सभासदांकडून वर्गणी घेऊ लागली. 2007 मध्ये सुरू झालेली बीवेलकम मात्र आजही स्वयंसेवक चालवतात आणि तिला शुल्क नाही. हा इतिहास मी सांगते आहे तो एवढ्याचसाठी, की यातल्या प्रत्येक ठिकाणी विश्वासाची व्यवस्था वेगळी आहे. सर्व्हासमध्ये प्रवाशाची आधी मुलाखत होते आणि मगच त्याला यजमानांना दाखवायचे परिचयपत्र मिळते. इतर बहुतेक ठिकाणी कुणीही नाव नोंदवू शकते आणि आधीच्या पाहुण्यांनी लिहिलेले अभिप्राय हाच काय तो आधार असतो. सायकलस्वारांच्या जाळ्यात दोघांचाही छंद एक असल्यामुळे बोलण्याला पहिल्याच मिनिटात विषय मिळतो, आणि ज्याला सायकलीत रस नाही असा मनुष्य सहसा तिकडे फिरकतही नाही. कोणते जाळे सर्वांत मोठे आहे हे पाहू नकोस. तिथे माणसाची पारख कशी होते ते पाहा.

आता तुझ्या शहराकडे वळते. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पोल-आंरी शोंबार द लोव यांनी 1952 मध्ये पॅरिसविषयीच्या आपल्या अभ्यासात एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या हालचाली नकाशावर रेषांनी मांडल्या. ती राहत होती ते घर, तिचे महाविद्यालय आणि तिच्या पियानो शिक्षकांचे घर या तीन टोकांमध्ये एक लहानसा त्रिकोण रेषांनी गच्च भरून गेला आणि उरलेले अफाट पॅरिस जवळजवळ कोरेच राहिले. तूही एकदा मागच्या महिनाभरात कुठे कुठे गेलास वा गेलीस ते नकाशावर काढून बघ. बहुतेकांचा असाच त्रिकोण निघतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण त्या त्रिकोणाबाहेर पडल्याशिवाय पाहुण्याला दाखवण्याजोगे तुझ्यापाशी प्रसिद्ध स्थळांच्या यादीपलीकडे काही असणार नाही. आणि ती यादी त्याला छापील पुस्तकातही मिळते.

बाहेर पडायचे म्हणजे काय करायचे? एखाद्या बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जा आणि तिथून पायी मागे ये. एकच रस्ता आरंभापासून अंतापर्यंत चालून बघ, म्हणजे घरांची उंची, दुकानांच्या पाट्यांवरची भाषा आणि पदपथाची रुंदी कुठे बदलते ते पायांनाच कळेल. एकाच चौकात पहाटे, भर दुपारी आणि रात्री उशिरा उभे राहा. जुना नकाशा मिळाला तर आजच्या नकाशाशेजारी ठेव. रस्ता विनाकारण वळलेला दिसतो तिथे पूर्वी ओढा, तटबंदी किंवा कुणाच्या तरी मळ्याची हद्द असण्याचा संभव फार असतो. सर्वांत उत्तम म्हणजे त्या भागात राहणाऱ्या किंवा काम करणाऱ्या माणसाबरोबर चाल. शहरांच्या अभ्यासक जेन जेकब्ज यांचे 2006 मध्ये निधन झाले आणि पुढच्याच वर्षी टोरांटोमध्ये त्यांच्या स्मरणार्थ ‘जेन्स वॉक’ सुरू झाले. आता मे महिन्याच्या सुरुवातीला अनेक देशांतल्या शहरांत रहिवासीच रहिवाशांना आपला परिसर विनामूल्य चालत दाखवतात. न्यूयॉर्कमध्ये 1992 पासून स्थानिक स्वयंसेवक परक्या पाहुण्यांना आपली वस्ती दाखवू लागले आणि ती प्रथाही पुढे इतर शहरांत पसरली. तुझ्या शहरात असे काही चालत असेल तर जा. नसेल तर तू आणि तुझे दोन मित्र मिळून ते सुरू करू शकता, त्याला कुणाची परवानगी सहसा लागत नाही.

यजमान होण्याचे म्हणशील, तर घरात जागा नाही, आई-बाबांना रुचणार नाही किंवा खोलीच्या मालकाची मनाई आहे, ही अडचण मला ठाऊक आहे. तिच्यावर उपाय सोपा आहे. बहुतेक जाळ्यांवर ‘राहायला देऊ शकत नाही, पण भेटून शहर दाखवू शकतो’ असे नोंदवता येते. तेवढ्यानेही पुष्कळ शिकायला मिळते. तुझ्याकडे विनंत्या येऊ लागतील आणि त्यातल्या कोणत्या वाचाव्याशा वाटतात, कोणत्या एकाच मजकुराच्या पन्नास ठिकाणी पाठवलेल्या प्रती आहेत, हे तुला न शिकवता कळू लागेल. काही यजमान आपल्या माहितीत मध्येच एखादा खुणेचा शब्द पेरून ठेवतात आणि विनंतीत तो आला नाही तर उत्तरच देत नाहीत. त्यांना तसे का करावेसे वाटते, तेही मग तुला समजेल.

शिवाय पाहुणा तुझेच शहर तुला नव्याने दाखवतो. माझ्याकडे राहिलेली एक प्रवासी घराजवळचा चौक ओलांडण्याआधी पदपथावरच थांबली आणि दिवा दोनदा बदलेपर्यंत बघत राहिली. पलीकडून काठी टेकत येणाऱ्या एका आजी हिरवा दिवा असताना रस्त्याच्या मध्यापर्यंतच पोहोचत होत्या आणि दुभाजकाच्या कडेला उभ्या राहून पुढच्या दिव्याची वाट पाहत होत्या. ‘इथे चालणाऱ्यांना इतकाच वेळ देतात का?’ असे तिने विचारले. त्या चौकातून मी रोज जात होते. तेव्हापासून मी नव्या शहरात गेले की आधी रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे पाहते, आणि त्या शहराचा पुष्कळसा स्वभाव मला तिथेच कळतो.

आता ज्या भागाची तुला आणि तुझ्या घरच्यांना खरी काळजी आहे त्याविषयी लिहिते, आणि इथे मी हात आखडता घेणार नाही.

अभिप्राय वाचताना किती आहेत यापेक्षा कुणी लिहिले आहेत ते बघ. प्रत्यक्ष राहून गेलेल्या पाहुण्यांचे आणि यजमानाच्या मित्रांनी लिहिलेले यांत फरक कर. एखादा पुरुष फक्त तरुण, एकट्या मुलींनाच बोलावतो असे दिसले, तर अभिप्राय कितीही गोड असोत, पुढे जाऊ नकोस. तक्रारीचा एकच अभिप्राय असेल तर तो पूर्ण वाच आणि त्यावर यजमानाने काय उत्तर दिले आहे तेही वाच. तक्रारीपेक्षा त्या उत्तरात माणूस जास्त उघडा पडतो. घरात आणखी कोण राहते, झोपण्याची जागा वेगळी आहे की नाही, खोलीच्या दाराला आतून कडी आहे का, सकाळी यजमान कामावर गेल्यावर आपण घरात थांबायचे की बाहेर पडायचे, किल्ली मिळेल का, हे प्रश्न आधीच आणि लेखी विचार. सज्जन माणूस अशा प्रश्नांनी दुखावत नाही, आणि जो दुखावतो त्याच्याकडे जाण्याची गरज तुला नाही. हे सगळे बोलणे त्या संकेतस्थळाच्या आतच ठेव, कारण काही बिनसले तर तीच नोंद तुझ्या बाजूने बोलते.

पैशाचे व्यवहार सुरुवातीलाच स्वच्छ असू देत. भाडे घेणारे घरगुती निवास हा वेगळा आणि पूर्णपणे चोख प्रकार आहे. पण पाहुणचाराच्या देवघेवीत ऐनवेळी पैसे, घरकाम किंवा जवळीक यांपैकी कशाचीही मागणी झाली तर तो पाहुणचार तिथेच संपला असे समज.

पहिल्यांदा पोहोचायचे ते दिवसाउजेडी. शक्य असेल तर आधी घराबाहेर, वर्दळीच्या ठिकाणी भेट आणि मगच घरी जा. रस्त्यावर, खिडक्यांत आणि दुकानांच्या दारांत माणसांचा वावर आणि पाहणारे डोळे असले की रस्ता आपोआप सुरक्षित राहतो, हे जेन जेकब्ज यांनी 1961 मध्येच मांडले होते, आणि ज्याने आपल्या शहरातले चौक रात्री उभे राहून पाहिले आहेत त्याला परक्या शहरातल्या कोणत्या गल्लीत असे डोळे आहेत आणि कोणत्या गल्लीत नाहीत ते चटकन उमगते. मी आधी शहर पाहा म्हणते ते यासाठीही. जवळच्या एखाद्या प्रवाशांच्या वसतिगृहाचा पत्ता लिहून ठेव आणि तिथे एक रात्र काढता येईल एवढे पैसे वेगळे काढून ठेव, ज्यांना दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही. ज्याच्यापाशी निघून जाण्याची सोय नसते तो मनुष्य मन नको म्हणत असतानाही राहतो, आणि बहुतेक वाईट प्रसंग अशाच नाइलाजातून वाढतात. पारपत्र, पैसे आणि फोन झोपतानाही हाताशी असू देत. घरातल्या एकाला यजमानाचे नाव, पत्ता आणि माहितीच्या पानाचा दुवा पाठव, रोज कोणत्या वेळी निरोप यायचा ते ठरव, आणि निरोप आला नाही तर त्याने काय करायचे तेही ठरव. तातडीचा क्रमांक आधीच पाठ असावा: युरोपीय संघातल्या देशांत आणि भारतात 112, अमेरिका आणि कॅनडात 911.

आणि घरात शिरल्यावर अस्वस्थ वाटले तर निघ. कारण सांगण्याचे, समजूत घालण्याचे, समोरच्याला वाईट वाटेल याची काळजी करण्याचे कोणतेही बंधन तुझ्यावर नाही. सभ्यपणाच्या संस्कारात वाढलेल्या मुलांना, आणि मुलींना तर फारच, हे जड जाते, म्हणून ‘माझा बेत बदलला आहे, मी निघते आहे’ किंवा ‘निघतो आहे’ हे एक वाक्य मोठ्याने म्हणून सराव कर. मला अतिशय गंभीरपणे सांगायचे आहे की हा सराव कपड्यांची पिशवी भरण्याइतकाच तयारीचा भाग आहे.

एवढे वाचून धास्तावू नकोस. बहुतेक दारे मायेने उघडतात. एका घरी पोहोचल्यावर यजमान बाईंनी मला आधी कुलूप उघडायला शिकवले: दार किंचित वर उचलून आपल्याकडे ओढायचे, मग किल्ली फिरवायची, आणि जिन्याची वरून तिसरी पायरी करकरते म्हणून रात्री ती टाळायची, कारण तिच्यामागच्या खोलीत त्यांचे वडील झोपतात. कुलपाची ती खोड आणि वडिलांची ती झोप त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत माझ्या स्वाधीन केली. ती पायरी लक्षात ठेवणे, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती.

पाहुण्याने कसे वागावे हे यजमान झाल्यावर तुला वेगळे सांगावे लागणार नाही, म्हणून थोडक्यात लिहिते. दोन रात्री पुरेत. तिसऱ्या दिवशी पाहुण्याची अक्कल जाते असे आपल्याकडे म्हणतात ते खरे आहे. उशीर होणार असेल तर आधी कळव. ओला टॉवेल पलंगावर टाकू नकोस, निघताना चादरी काढून घडी करून ठेव, आणि संध्याकाळचा थोडा वेळ यजमानासाठी राख, कारण त्याने दार उघडले आहे ते बहुधा बोलणाऱ्या माणसासाठी. नंतरचा अभिप्राय प्रामाणिक लिही. खटकलेले लिहिण्याचा संकोच तू केलास तर त्याची किंमत तुझ्यानंतर येणाऱ्या एकट्या प्रवाशाला मोजावी लागेल.

कायद्याच्या दोन गोष्टी तेवढ्या विसरू नकोस. परदेशी पाहुण्याची नोंद यजमानाने अधिकाऱ्यांकडे करावी, असा नियम अनेक देशांत आहे आणि भारतातही आहे. तू परदेशी पाहुणा ठेवणार असशील तर ती जबाबदारी तुझ्या घरावर येते. आणि राहण्या-जेवण्याच्या बदल्यात शेतावर किंवा वसतिगृहात काम करणे हे पुष्कळ देशांत कामच धरले जाते, ज्याला पर्यटक व्हिसा चालत नाही. तेव्हा असा बेत असेल तर त्या देशाच्या दूतावासाचे नियम स्वतः वाच, सहप्रवाशांच्या ऐकीव माहितीवर जाऊ नकोस.

आई-बाबांशी बोलताना मी म्हणते म्हणून असे सांगू नकोस. त्यांना यजमानाचे पान दाखव, अभिप्राय वाचून दाखव, राखून ठेवलेल्या पैशांचे आणि निरोपाच्या वेळेचे सांग; काळजी करणाऱ्या माणसाला काहीतरी करायला मिळाले की त्याचा विरोध पुष्कळ मवाळ होतो. पहिली विनंती लिहिलीस की पाठवण्याआधी मला दाखव. तोवर येत्या रविवारी त्या बसच्या शेवटच्या थांब्यावर जाऊन ये आणि तिथे काय दिसले ते सविस्तर कळव.

कळावे, लोभ आहेच.
तुझी हितचिंतक