वाचकांचे प्रश्न : ताकदवान इंजिनासाठी ऑइल फिल्टर निवडताना

प्रश्न : माझ्याकडे २०१७ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. गेल्या वर्षी तिच्या इंजिनाचे स्टेज वन रिमॅपिंग, म्हणजे यंत्रभाग न बदलता इंजिनाच्या संगणकातील सेटिंग बदलून ताकद वाढवण्याचे काम, करून घेतले. रोजचा वापर पुणे शहरात होतो, अधूनमधून द्रुतगती मार्गाने मुंबईला जातो आणि वर्षातून काही वेळा कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर गाडी चालवतो. ज्यांनी रिमॅपिंग केले त्यांचे म्हणणे असे की मूळ फिल्टरमुळे तेलाचा प्रवाह अडतो, ताकद वाढलेल्या इंजिनाला तेल कमी पडते आणि म्हणून ‘रेसिंग’ फिल्टर लावावा. हे खरे आहे का? फिल्टर विकत घेताना नेमके काय पाहावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्याला मिळालेला सल्ला मला मान्य नाही, आणि त्याचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण हा समज अनेक गॅरेजांत पक्का बसलेला आहे.

आपल्या गाडीचे १,९८४ सीसीचे टर्बो पेट्रोल इंजिन कारखान्यातून २३० अश्वशक्ती आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. स्टेज वन रिमॅपिंगमुळे टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबण्याचा दाब, वाढतो आणि त्याबरोबर टॉर्क वाढतो. परंतु बेअरिंगमधील फट, तेलवाहिन्यांचा व्यास आणि बहुतेक वेळा फेऱ्यांची कमाल मर्यादाही पूर्वीचीच राहते. इंजिनाला किती तेल लागते हे मुख्यतः याच गोष्टींवर आणि तेलाच्या पातळपणावर ठरते. अश्वशक्तीच्या आकड्यावर ते थेट अवलंबून नसते. शिवाय आपल्या इंजिनातील ऑइल पंप दाबानुसार नियंत्रित होणारा आहे. तेलवाहिन्यांत किती दाब राखायचा हे ठरलेले असते आणि पंप आपला पुरवठा त्याप्रमाणे कमी-जास्त करतो, त्यामुळे तेल गरम असताना चांगल्या अवस्थेतील फिल्टरमधून जाताना जो थोडा दाब खर्च होतो तो पंप सहज भरून काढतो.

मग रिमॅपिंगने बदलते काय? भार आणि उष्णता. पिस्टनवरचा दाब वाढला की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवरचा भार वाढतो, तेल अधिक तापून पातळ होते आणि क्रँकशाफ्टला (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला) बेअरिंगपासून अलग ठेवणारा तेलाचा थर आणखी बारीक होतो. चालत्या इंजिनात सर्वाधिक भाराच्या क्षणी हा थर काही मायक्रॉनांवर, कधी कधी एखाद्या मायक्रॉनवर येतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या थरापेक्षा मोठा कठीण कण त्यात शिरला की तो दोन्ही पृष्ठभागांना ओरखडत जातो. म्हणजेच ताकद वाढवलेल्या इंजिनाला अधिक बारीक गाळणारा फिल्टर हवा. शर्यतीच्या नावाने विकले जाणारे बरेचसे फिल्टर मात्र प्रवाह मोकळा राहावा म्हणून मुद्दाम जाडसर गाळणारे बनवलेले असतात. ज्या इंजिनाचे तेल दर शर्यतीनंतर बदलले जाते आणि जे ठरावीक तासांनंतर खोलून नवे केले जाते, त्याला ही तडजोड परवडते. आपल्या गाडीत तोच फिल्टर हजारो किलोमीटर राहणार आहे आणि ती पुण्याच्या धुळीतून धावणार आहे.

बारीक गाळण्याचा फायदा किती, याचे एक चांगले मोजमाप उपलब्ध आहे. जनरल मोटर्सच्या एसी स्पार्क प्लग विभागातील अभियंत्याने १९८८ मध्ये मांडलेल्या अभ्यासात ४० मायक्रॉनपर्यंत गाळणाऱ्या फिल्टरच्या तुलनेत ३० मायक्रॉनच्या फिल्टरने इंजिनाची झीज ५० टक्क्यांनी आणि १५ मायक्रॉनच्या फिल्टरने ७० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. इंजिने त्यानंतर खूप बदलली असली तरी फिल्टर निवडताना मी या अभ्यासाला अजूनही मोठे वजन देतो.

आता खरेदीविषयी. ‘२० मायक्रॉन’ एवढेच लिहिलेले असेल तर त्यावरून काहीही कळत नाही. २० मायक्रॉनचे किती टक्के कण तो अडवतो, हे त्यासोबत सांगितलेले असले पाहिजे. ५० टक्के कण अडवणाऱ्या आणि ९९ टक्के अडवणाऱ्या अशा दोन्ही फिल्टरांवर तोच आकडा छापलेला असू शकतो. चांगले उत्पादक आयएसओ ४५४८-१२ या चाचणीचा उल्लेख करून मायक्रॉन आणि टक्केवारी दोन्ही देतात. काही ठिकाणी बीटा गुणोत्तर दिलेले असते, म्हणजे फिल्टरआधीच्या कणांच्या संख्येला नंतरच्या संख्येने भागून आलेला आकडा. बीटा २ म्हणजे ५० टक्के, बीटा २० म्हणजे ९५ टक्के, बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के आणि बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. जिथे यातले काहीच दिलेले नाही आणि डब्यावर केवळ ‘हाय फ्लो’ अशी मोठी अक्षरे आहेत, तो फिल्टर मी घेणार नाही.

गाळण्याचा कागद कशाचा आहे हेही महत्त्वाचे आहे. साध्या सेल्युलोजचे तंतू जाड आणि असमान असतात, तर काच किंवा पॉलिस्टरच्या कृत्रिम तंतूंचा पडदा तेवढ्याच जागेत अधिक बारीक गाळूनही तेलाला कमी अडथळा करतो, अधिक कचरा साठवतो आणि गरम तेलात लवकर ठिसूळ होत नाही. सर्किटवर तेलाचे तापमान १३० अंशांपर्यंत किंवा त्याहून वर जाऊ शकते, म्हणून आपल्यासाठी मी पूर्ण कृत्रिम तंतूंचा, निदान मिश्र तंतूंचा फिल्टर सुचवतो. गाडीच्या कंपनीचा मूळ फिल्टर किंवा अशा कंपन्यांना फिल्टर पुरवणाऱ्या नामांकित उत्पादकाचा त्याच इंजिनासाठीचा फिल्टर, एवढ्यावर आपले काम उत्तम होईल.

आपल्या इंजिनात पत्र्याचा बंद डबा नसून प्लास्टिकच्या कॅपखाली बसणारा नुसता काडतूस-फिल्टर आहे. अशा रचनेत बायपास व्हॉल्व्ह, म्हणजे फिल्टरमधून तेल सहज जात नसेल तेव्हा ते फिल्टर टाळून पुढे जाऊ देणारी झडप, बहुधा इंजिनाच्या बाजूला असतो आणि फिल्टर बदलला तरी त्याची सेटिंग बदलत नाही, हा फायदाच आहे. मात्र प्रत्येक वेळी कॅपची ओ-रिंग (गळती रोखणारे रबरी कडे) नवी घालून तिला तेलाचा हात लावावा आणि कॅप ठरवून दिलेल्या टॉर्कनेच आवळावी. हाताच्या अंदाजाने अति आवळल्यास प्लास्टिकला तडा जातो. या रचनेचा आणखी एक उपयोग फार थोडे लोक करून घेतात. काढलेल्या फिल्टरच्या घड्या उलगडून उजेडात पाहता येतात. चुंबकाला चिकटणारे कण लोखंडाचे, न चिकटणारे चकचकीत पांढरे कण बहुधा ॲल्युमिनियमचे आणि तांबूस छटेचे कण बेअरिंगच्या आतल्या थराचे असू शकतात. तांबूस कण दिसले तर सर्किटवर जाण्याचा बेत रद्द करून आधी बेअरिंग तपासून घ्यावे.

गार तेलावर इंजिनाच्या फेऱ्या चढवू नयेत. घट्ट तेल फिल्टरमधून सहज जात नाही, दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढतो, बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि तेवढा वेळ न गाळलेले तेल थेट बेअरिंग व टर्बोकडे जाते. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. त्याच्या बेअरिंगला असे तेल सोसत नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापले असे समजू नका, तेलाला त्याहून जास्त वेळ लागतो. पडद्यावर तेलाचे तापमान दिसत असेल तर ते ८० अंशांच्या आसपास येईपर्यंत थांबावे.

कंपनीने १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत दिली आहे. रिमॅपिंग आणि सर्किटचा वापर पाहता आपण ७,५०० किलोमीटरवर तेल व फिल्टर दोन्ही बदलावेत आणि सर्किटवर जाऊन आल्यानंतर किलोमीटर न मोजता लगेच बदलावेत, असे माझे मत आहे. फिल्टर अधिकृत विक्रेत्याकडून पावतीसह घ्यावा. नामांकित कंपन्यांच्या डब्यांत बनावट फिल्टर भरून विकण्याचे प्रकार आपल्याकडे होतात. घड्या कमी आणि वेड्यावाकड्या असणे, कागदाचा जोड नीट न चिकटलेला असणे ही त्यांची खूण, आणि काडतूस-फिल्टरमध्ये ती बसवण्यापूर्वीच पाहता येते.

प्रश्न : माझा मुलगा फॉर्म्युला एलजीबी ४ प्रकारातील मोटारशर्यतीत उतरतो. स्टेनलेस स्टीलच्या जाळीचा, धुऊन पुन्हा वापरता येणारा फिल्टर घेतल्यास खर्च वाचेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी यंदाच्या स्पर्धेची तांत्रिक नियमावली पाहावी. या प्रकारात सर्वांनी सारखीच गाडी आणि मारुती सुझुकीचे १.३ लिटरचे इंजिन वापरायचे असते, त्यामुळे सुटे भाग बदलण्याची मुभा मर्यादित असते आणि परवानगी नसलेल्या फिल्टरपायी निकाल गमावणे योग्य नाही. नियमात बसत असेल तरीही जाळीचा फिल्टर कागदाइतके बारीक गाळत नाही. नव्याने बांधलेले इंजिन पहिल्यांदा चालवताना धातूचा कचरा लगेच पाहता यावा, यासाठी तो चांगला आहे. पण धुताना जाळीत अडकून राहिलेला एखादा कण उलट बाजूने इंजिनात जाण्याचा धोका असतो. वाचलेल्या पैशांपेक्षा हा धोका मला मोठा वाटतो. साधा नवा फिल्टर दर शर्यतीला बदलावा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. माझ्याकडे सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. दुकानात होंडासाठीचा एक फिल्टर स्वस्त मिळतो, त्याचे आटे आणि रबरी वॉशरचा व्यास अगदी जुळतो. तो वापरण्यास हरकत आहे का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : हरकत आहे. एम २० गुणिले १.५ (२० मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत १.५ मिलिमीटर अंतर) हे आटे अनेक जपानी गाड्यांत सारखेच असतात, त्यामुळे फिल्टर बसतो, आवळता येतो आणि गळतही नाही. फरक आतल्या बायपास व्हॉल्व्हमध्ये असतो. सुबारूचे मूळ फिल्टर सुमारे २३ पीएसआय, म्हणजे १६० किलोपास्कल, एवढ्या दाबफरकाला बायपास उघडतील असे बनवलेले आहेत. इतर अनेक गाड्यांच्या फिल्टरांत हा आकडा त्याहून बराच कमी असतो. असा फिल्टर लावला तर न्यू जर्सीच्या हिवाळ्यात, तेल गोठल्यासारखे घट्ट असताना, बायपास लवकर उघडेल आणि जास्त वेळ उघडा राहील. आपल्याला त्याचा पत्ताही लागणार नाही, कारण बायपासमधून जाणाऱ्या तेलालाही दाब असतो आणि डॅशबोर्डवरचा दिवा पेटत नाही.

दुसरी बाब तेल मागे न उतरू देणाऱ्या रबरी पडद्याची. आपल्या गाडीत फिल्टर इंजिनाच्या वरच्या बाजूला, तोंड खाली करून बसतो, त्यामुळे गाडी रात्रभर उभी राहिली की तेल खाली ओघळू पाहते आणि त्याला थोपवण्याचे काम या पडद्याचे असते. साधे नायट्राइल रबर गरम तेलात कालांतराने कडक होते, सिलिकॉन लवचिक राहते. सकाळी इंजिन सुरू करताच क्षणभर खडखडाट ऐकू येत असेल तर आधी फिल्टरकडे संशयाने पाहावे. आपण सिलिकॉनचा पडदा असलेला आणि बायपासचा दाब स्पष्ट छापलेला फिल्टरच निवडावा.

वॉरंटीची चिंता असेल तर, अमेरिकेतील १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ दुसऱ्या कंपनीचा फिल्टर लावला म्हणून उत्पादकाला वॉरंटी नाकारता येत नाही. पण त्या फिल्टरमुळेच इंजिन बिघडल्याचे दाखवता आले तर गोष्ट वेगळी, आणि कमी दाबाला उघडणारा बायपास हा त्यासाठी पुरेसा आधार ठरू शकतो. म्हणून फिल्टरची पावती, त्याचा भाग क्रमांक आणि बदलल्याच्या वेळचा किलोमीटर किंवा मैलांचा आकडा लिहून ठेवावा.