लग्नपत्रिकेची एपीके कुणाला द्यायची?

प्रश्न : मी परभणीत एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करते. प्रोजेक्टसाठी आसपासच्या गावांतून ‘लग्नपत्रिका’, ‘पीएम किसान’, ‘आरटीओ चलान’ अशा नावांनी लोकांच्या फोनवर आलेल्या बनावट एपीके (अँड्रॉइड ॲप बसवण्याच्या) फाइली जमवल्या आहेत. नांदेड-लातूरची मुलं त्या मागताहेत. ड्राइव्हवर टाकू का?

उत्तर : द्या, जरूर द्या. पण ड्राइव्हची उघडी लिंक नको. व्हॉट्सॲप ग्रुपवर तर मुळीच नको. त्याच वाटेनं या फाइली गावांत शिरल्या.

अँड्रॉइडच्या संशोधनात वर्षानुवर्षं वापरला गेलेला ‘ड्रेबिन’ संग्रह ५,५६० घातक ॲप्सचा, पण २०१० ते २०१२ या काळातला. पीएम किसान योजनाच २०१९ची! तेव्हा आपल्याकडची फसवणूक त्यात कशी सापडेल? तुमची सॅम्पल्स म्हणूनच मोलाची आहेत. फक्त प्रत्येक फाइल कधी आली आणि सोबतचा मराठी मेसेज काय होता, हे चुकांसकट जसंच्या तसं नोंदवा. पाठवणाऱ्याचं आणि ज्याच्या फोनवर आली त्याचं नाव, नंबर मात्र काढून टाका.

मला खरी काळजी वेगळीच आहे. अशी काही ॲप्स फोनमधले एसएमएस चोरून टेलिग्राम बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याकडे, पाठवतात आणि त्या बॉटचं टोकन, म्हणजे त्याची किल्ली, कोडमध्येच पडलेलं असतं. ते ज्याच्या हाती लागेल, त्याच्यापुढे फसलेल्या माणसांचे ओटीपी आणि बँकेचे मेसेज उघडे पडू शकतात. ही माणसं तुमच्याच भागातली आहेत, तुमच्यावर विश्वास ठेवून त्यांनी फोन हातात दिला. टोकन दिसलं तर चालवून बघू नका. आधी सायबर पोलीस आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा, ते बंद होऊ द्या. तोवर ती फाइल कुणालाही नाही.

एसएचए-२५६ हॅश (फाइल ओळखण्याचा तिचा आकडी ठसा) आणि ॲपनं मागितलेल्या परवानग्यांची यादी खुशाल जाहीर करा. बऱ्याच जणांचं काम तेवढ्यावर भागतं. मूळ फाइल पासवर्ड घातलेल्या झिपमध्येच ठेवा. या क्षेत्रात तो पासवर्ड बहुधा ‘इन्फेक्टेड’ असतो. त्यानं चुकून होणारा क्लिक टळतो, गुप्तता मिळत नाही.

आणि संग्रह विभागाच्या नावावर करा. अमेरिकेतल्या ‘अँड्रॉइड मालवेअर जिनोम’ प्रकल्पानं १,२६० सॅम्पल्स ओळख तपासून वाटली; पण त्यावर काम करणारे विद्यार्थी पदवी घेऊन गेले, माणूसबळ उरलं नाही आणि २०१५च्या डिसेंबरात वाटप थांबलं. तुम्हीही वर्षा-दोन वर्षांत कॉलेज सोडाल. तुमच्या गाइडना आत्ताच सोबत घ्या. मागणाऱ्याकडून त्याच्या गाइडच्या सहीचं, कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र घ्या. मागणारा मामेभाऊ असला तरी.