मूल चढायला लागलं की आधी ड्रॉवरचं कपाट बघा

ड्रॉवरचं कपाट भिंतीला पक्कं करा. मुलं खालचे ड्रॉवर ओढून त्यांची शिडी करतात, वजन पुढे येतं आणि अख्खं कपाट अंगावर कोसळतं. एल-पट्टी (काटकोनात वाकवलेली धातूची पट्टी) कपाटाच्या वरच्या कडेला लावा. स्क्रू विटेत रॉलप्लग (भोकात बसणारी, स्क्रूला पकड देणारी प्लास्टिकची खुंटी) घालूनच बसवा, नुसत्या गिलाव्यात तो टिकत नाही. जड सामान तळाच्या ड्रॉवरमध्ये. कपाटावर खेळणं किंवा रिमोट नकोच. चढायचं कारण तेच असतं.

रिमोटवरून आठवलं, बटन सेल, म्हणजे नाण्यासारखे चपटे छोटे सेल. गिळलेला सेल अडकला तर अन्ननलिका २ तासांतही गंभीर भाजू शकते. झाकणाला स्क्रू नसलेली सेलची वस्तू मुलाच्या आसपास ठेवू नका. सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, ताबडतोब हॉस्पिटल गाठा.

मुलाला ड्रॉवरऐवजी उपसायला एक बुटकी टोपली द्या, दर आठवड्याला आतल्या वस्तू बदला.